औषध-चाचणीच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

मोठ्या आतड्याचा अथवा गुदाशयाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे आणि नेहमीची औषधे पूर्वीप्रमाणे लागू पडत नाहीत, अशा वेळी डॉक्टर कधी कधी विचारतात, ‘एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, आपण तीत सहभागी व्हाल काय?’ घरातील मंडळी गोंधळून जातात. कोणाला वाटते, आपल्या माणसावर उंदरासारखा प्रयोग होणार. कोणाला वाटते, परमेश्वरानेच हा उपाय धाडला. हे दोन्ही समज बाजूला ठेवून या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

या रोगावर आज दिली जाणारी औषधे चाचण्यांतूनच पुढे आली आहेत. १९५७ मध्ये फ्लुओरोयुरॅसिल हे औषध पुढे आले आणि सुमारे चार दशके मुख्य भिस्त त्याच्यावरच राहिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८१३ रुग्ण होते. नेहमीच्या औषधांना बेव्हॅसिझुमॅबची जोड मिळालेल्या गटातील निम्मे रुग्ण २०.३ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हाच काळ १५.६ महिने होता. रोग बरा झाला असे नव्हे, पण हे पाच महिने ज्या घराला लाभतात त्याला ते थोडे वाटत नाहीत. उलटपक्षी, गाठीतील केरास या जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅबचा उपयोग होत नाही, हेही चाचण्यांतील रुग्णांच्या तपासणीतूनच कळले. नवे ते चांगलेच, असे गृहीत धरता येत नाही. ते ठाऊक नसते म्हणूनच चाचणी घ्यावी लागते.

चाचणी कोणत्या टप्प्याची आहे, हे प्रथम विचारावे. पहिल्या टप्प्यात औषधाची सुरक्षित मात्रा शोधली जाते. तेथे रुग्णाला स्वतःला गुण येण्याची आशा थोडीच असते आणि प्रामाणिक डॉक्टर तसे स्पष्ट सांगतात. तिसऱ्या टप्प्यात नव्या उपचाराची प्रचलित उपचाराशी तुलना होते. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरते. ते डॉक्टरांच्या हाती नसते. गुणकारी उपचार उपलब्ध असताना तो रोखून औषधविरहित गोळी देणे नीतीला धरून नाही. मात्र सर्व प्रचलित औषधे संपल्यानंतरच्या काही चाचण्यांत एका गटाला अशी गोळी आणि वेदनाशामक उपचार एवढेच मिळतात. त्याविषयी आधीच खुलासा करून घ्यावा.

आपल्या देशात २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत कायद्याचा जाणकार व एक सर्वसामान्य नागरिकही असतो. माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत त्याला मिळाली पाहिजे. निरक्षर रुग्णासाठी निःपक्षपाती साक्षीदार आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाईची तरतूद आहे. रुग्णास कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे पुढील नेहमीच्या उपचारांत बाधा येत नाही. चाचणीची नोंद भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदणीत असते. ती कोणालाही संगणकावर पाहता येते.

खर्चाची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. चाचणीचे औषध बहुधा विनामूल्य मिळते. पण गडचिरोली वा नंदुरबारहून मुंबईस वारंवार येण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि राहण्याची सोय यांचे काय? प्रवासखर्च मिळणार की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

इच्छा असूनही काहींना प्रवेश मिळत नाही. यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, पूर्वी घेतलेली औषधे, गाठीतील जनुकांचे बदल यांच्या अटी असतात. यासाठी जुने सर्व अहवाल जवळ ठेवावेत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातील ठोकळा बहुधा ज्या रुग्णालयात तपासणी झाली तेथेच असतो. चाचणीसाठी त्याची गरज पडू शकते, म्हणून लेखी अर्ज करून तो वेळीच मागून घ्यावा.