चार खुंट्यांचा हिशेब

आम्ही इचलकरंजीत कापडाचा व्यापार करतो. गाण्यातले आम्हाला फारसे कळत नाही. तरीही आज तंबोऱ्याच्या खुंट्यांविषयी लिहीत आहोत, कारण त्यात व्यापारी आणि कारागीर या दोघांनीही ध्यानात घ्यावा असा एक हिशेब आहे.

आमच्या दुकानातील दिवाणजींची मुलगी गाणे शिकते. तिच्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांचा म्हणून विकला जाणारा एक लहान, स्वस्त तंबोरा घेतला. दोन महिन्यांतच तक्रार सुरू झाली. तार लावून मुलगी गायला बसली की खुंटी सरकन उलटी फिरे आणि तार ढिली पडे. कुणी सांगितले म्हणून खुंटीला तेल लावले, तर ती जास्तच निसटू लागली. मग छिद्रात कागद कोंबून पाहिला. शेवटी मुलगी म्हणाली, "मला गाणे नको." नवा तंबोरा घेण्याची दिवाणजींची ऐपत नव्हती.

आम्ही त्यांना घेऊन मिरजेला गेलो. एके काळी शस्त्रांचे काम करणारी तिथली शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

कारागिराने भोपळा, दांडी, तबली तपासली. सर्व ठीक होते. मग एक खुंटी काढून आमच्या हातात दिली. तिच्यावर एकाच ठिकाणी चकचकीत कडे उमटले होते. म्हणजे खुंटी तेवढ्याच जागी टेकत होती, बाकी सारी पोकळी. लाकूडही मऊ, वरून काळा रंग दिलेला.

तो म्हणाला, "शेठ, खुंटीचा उतार आणि छिद्राचा उतार एक असला पाहिजे. नाहीतर तार टिकायची नाही."

त्याने शिसवीच्या चार नव्या खुंट्या घेतल्या. झिजलेले छिद्र थोडे मोठे झालेले असते, म्हणून नवी खुंटी जुनीपेक्षा किंचित जाड लागते. आधी छिद्र निमुळत्या हत्याराने गोल व साफ केले. मग खुंटी थोडी थोडी तासून, पुनःपुन्हा घालून, फिरवून पाहिली. पूर्ण लांबीभर सारखी चमक उमटल्यावरच हात थांबवला. तारेचे भोक पाडले, खुंटीला कोरडा खडू चोळला आणि तार चढवली. एक खुंटी पुरी झाल्यावरच दुसरीची तार उतरवली, म्हणजे घोडी जागची हलत नाही.

निघताना त्याने चार गोष्टी बजावल्या. तेल कधी लावू नये. तार लावताना खुंटी आत दाबत पिळावी. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी घट्ट बसली तर हातोडी मारू नये. सूर थोडा जागचा हलला तर खुंटीला हात न लावता घोडीखालचा मणी सरकवावा.

आता हिशेब पाहा. नव्या तंबोऱ्याच्या किमतीपुढे या दुरुस्तीचा खर्च किरकोळ होता. बनवणाऱ्याने खुंट्यांवर आणखी थोडा वेळ दिला असता तर तोही लागला नसता. त्याने थोडी मजुरी वाचवली, पण एक गिऱ्हाईक कायमचे गमावले, आणि एका मुलीची तालीम बंद पडायची वेळ आणली. स्वस्त माल विकण्यात कमीपणा नाही. गरिबाला तोच परवडतो. भोपळ्यावरची नक्षी कमी करा, पॉलिश साधे ठेवा, पण ज्या जागेवर सारा ताण येतो तिथे काटकसर करू नका. आमच्या धंद्यातही तेच आहे. कापडाचा रंग साधा चालतो, पण शिवणीत सूत सरकले की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

दिवाणजींची मुलगी पुन्हा गाण्याला जाऊ लागली आहे. तंबोरा तोच आहे, फक्त खुंट्या बदलल्या.