ओळख न देणारा सर्व्हर

हल्ली सकाळच्या धांदलीत घरोघरी एक तक्रार ऐकू येते. डबा भरता भरता सून म्हणते, 'ऑफिसचा ईमेलच उघडत नाही!' कालपर्यंत आत घेणारा सर्व्हर आज 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा' एवढेच सांगून दार लावून घेतो. दोन्हींपैकी नेमके काय चुकले, हे तो मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर चोरालाही अर्धे उत्तर मिळेल.

धर्माबादेत बँकेच्या काउंटरवर असा रुसवा मी पुष्कळदा पाहिला. मराठी-तेलुगूच्या शिवेवरचे, मिरचीच्या बाजारपेठेचे हे गाव. कोणी मराठीत सही करी, कोणी तेलुगूत. सही नमुन्याशी जुळली नाही, की जुना व्यापारीही दुखावे : 'साहेब, मला ओळखत नाही का?' मी ओळखत असे. खाते मात्र सहीलाच ओळखे.

संगणकावर ही सहीची जागा पासवर्डने घेतली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकच यंत्र अनेकांना वापरता येईल अशी सोय केली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून तेथे पासवर्ड आला.

तेव्हा चिडण्याआधी क्रमाने पाहावे. कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का? ठिपक्यांआड चूक दिसत नाही. शेजारच्या टेबलावरही ईमेल उघडत नसेल, तर बिघाड सर्व्हरचा. तुमचे खाते दुसऱ्या संगणकावर उघडले, तर दोष तुमच्या यंत्राचा. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर मोबाइल जुनाच पासवर्ड पुनःपुन्हा पाठवत राहतो आणि चुकांची मर्यादा ओलांडून खात्याला कुलूप लागते. घड्याळही पाहावे, पुष्कळ कचेऱ्यांतील 'कर्बेरोस' या पद्धतीत सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक खपत नाही.

एवढे करूनही दार उघडले नाही, तर संगणक विभागाला कळवावे. शेजाऱ्याचा पासवर्ड मागून काम उरकण्याचा मोह मात्र टाळावा. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. कितीही घरोबा असला, तरी दोन्ही एकाच्या खिशात जाऊ नयेत हा दंडक. त्यात अविश्वास नसतो, दोघांच्याही नोकरीचे रक्षण असते. चौकशी लागली की मैत्री बाजूला राहते आणि नोंद बोलते. पत्र कोणी लिहिले ते नोंदीत दिसत नाही. कोणाच्या नावाने गेले तेवढेच दिसते. अर्ध्या तासाचा उशीर साहेब विसरतील. दुसऱ्याच्या नावाने गेलेले पत्र पुसता येणार नाही.