टेलिझूमने जवळचं टिपताना

श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर वाटेच्या कडेला दवबिंदूची रोपं दिसतात. पानांवरच्या तांबूस केसांच्या टोकांना चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं एखादं चिलट. फोटो काढायचा मोह होतो, पण इथे फुलांत पाय टाकायचा नाही. वाटेवर राहूनच टिपायचं. मॅक्रो लेन्स जवळ नसेल, तर ७०-३०० मिमीची झूम लेन्स या कामी येते. फक्त तिला थोडी मदत लागते.

अंतर कुठून मोजायचं?

अशा बऱ्याच लेन्स १.२ मीटरच्या आत फोकस करत नाहीत. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, तर सेन्सरपासून मोजतात. बहुतेक कॅमेऱ्यांवर वरच्या बाजूला त्यासाठी खूण असते : वर्तुळ आणि त्यातून गेलेली रेघ. मोठ्या लेन्सच्या कुशीत फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असतं. ते ‘फुल’वर आहे ना, हे आधी बघा.

एवढ्या अंतरावर ३०० मिमीला साधारण ०.२५ पट प्रतिमा मिळते. फुल फ्रेम कॅमेऱ्यात म्हणजे १४ सेंमी रुंदीचा भाग. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून बसलं, तर त्यात जेमतेम मावेल. दवबिंदूचं पान मात्र त्यात हरवून जातं.

पुढे लावायचं भिंग

माझा कौल क्लोजअप लेन्सला. फिल्टरसारखी ती लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची. सुरुवातीला मी एका काचेचं स्वस्त भिंग घेतलं होतं. थेंबांच्या कडांना जांभळी किनार यायची आणि फोटोचे कोपरे विरघळल्यासारखे दिसायचे. दोन काचा जोडून केलेल्या भिंगात हा दोष फारच कमी असतो. कॅननची ५००डी ही तशी, २ डायॉप्टरची. फिल्टरचा व्यास जुळला की कुठल्याही कंपनीच्या लेन्सवर चालते.

ही ५००डी लावून लेन्स अनंतावर फोकस केली, की भिंगापासून बरोबर अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. ३०० मिमीला प्रतिमा ०.६ पट, म्हणजे फ्रेममध्ये ६ सेंमीचा भाग. १०० मिमीवर या, प्रतिमा ०.२ पट होते, पण अर्धा मीटर तसाच राहतो. जागचं न हलता नुसत्या झूमने चौकट लहानमोठी करता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. उजेडही जवळपास घटत नाही. हे भिंग असेपर्यंत अर्ध्या मीटरपलीकडचं काही फोकस होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ट्यूब आणि कन्व्हर्टर

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं पोकळ कडं. त्यात काच नसते. तिची लांबी भागिले फोकल लेंग्थ, तेवढी प्रतिमा वाढते. ५० मिमीच्या लेन्सवर २५ मिमीची ट्यूब अर्ध्या पटीची भर घालते, ३०० मिमीवर जेमतेम ०.०८ पटीची. शिवाय झूम फिरवलं की फोकस सरकतो.

१.४ पटीच्या टेलिकन्व्हर्टरने कमीत कमी अंतर तेवढंच राहून प्रतिमा मोठी होते, उजेड एक स्टॉप जातो. मात्र अनेक ७०-३०० लेन्सवर तो बसतच नाही.

फोकस आणि वारा

०.६ पटीला एफ/११ ठेवूनही जेमतेम २ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून पान आणि सेन्सर शक्य तितके समांतर ठेवा. ऑटोफोकस इथे पुढेमागे भरकटत राहतो. तो बंद करा आणि कॅमेराच केसभर पुढेमागे करत थेंब स्पष्ट होतो ती जागा शोधा. वाटेवर बसून कॅमेऱ्याखाली धान्य भरलेली पिशवी ठेवली की हात थरथरत नाही.

पठारावरचा वारा मात्र ऐकत नाही. शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ खुशाल वाढवा. दोन झुळुकांच्या मध्ये पान क्षणभर थांबतं. बोट बटणावर ठेवून त्या क्षणाची वाट पाहायची आणि तीन-चार फोटो सलग काढायचे. त्यातल्या एखाद्यात चिलटाचा पाय आणि त्याला धरून ताणलेला चिकट धागा, दोन्ही लख्ख आलेले असतात.