पाहुणा धोबी ओळखताना : डोळ्याखाली काय आहे ते बघा!



थंडी पडली की शाळेच्या मैदानावर, ओढ्याकाठी शेपटी वरखाली करत तुरुतुरु पळणारा पांढरा धोबी दिसू लागतो. मुलं विचारतात, "सर, हा कालच्यापेक्षा वेगळा का दिसतो?" प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रजाती एकच, पण तिच्या उपप्रजाती अनेक. उपप्रजाती म्हणजे एकाच प्रजातीचे, पण वेगवेगळ्या प्रदेशात घरटी करणारे आणि रंगरूपात थोडे वेगळे झालेले गट. हिवाळ्यात हे गट एकाच माळावर एकत्र चरतात. मग ओळखायचं कसं?

१) दख्खनी धोबी : गाल आणि मानेची बाजू पांढरी, पाठ करडी. १८३२ साली साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 'दख्खन'वरूनच याला शास्त्रीय नाव दिलं. गंमत म्हणजे दख्खन हे त्याचं हिवाळी बिऱ्हाड. घरटं पश्चिम सायबेरियात!

२) मुखवटेवाला : कपाळ आणि डोळ्याभोवती पांढरं, पण कान आणि मानेची बाजू काळी. पाठ करडी. हा मध्य आशियातून येतो.

३) हिमालयी : चेहरा मुखवटेवाल्यासारखाच, पण नराची पाठ काळी.

४) ईशान्य सायबेरियाचा : चेहरा पांढरा आणि चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी बारीक काळी रेघ. पाठ करडी. भारतात हा दुर्मीळ.

आता माझी फजिती सांगतो. एका विद्यार्थिनीने वहीत पक्षी काढला: करडी पाठ, पांढरी भुवई, डोळ्यापाशी गडद पट्टा. मी उत्साहात फळ्यावर लिहिलं, "सायबेरियाचा दुर्मीळ पाहुणा!" ती हळूच म्हणाली, "पण सर, याचा गालपण काळपट होता." तिचंच बरोबर होतं. तो आपल्याकडे बारमाही राहणारा पांढऱ्या भुवईचा धोबी होता. ही प्रजातीच वेगळी. त्याचा नर काळाभोर, पण मादी आणि पिल्लू फिकट, करडं दिसतं. म्हणून नियम लक्षात ठेवा: भुवईवर भुलू नका, डोळ्याखाली बघा. रेघेखाली गाल पांढरा असेल तर पाहुणा असू शकतो. गाल गडद असेल तर आपला घरचाच.

आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात छातीवर मोठा काळा डाग असतो, हिवाळ्यात त्याची नुसती कोर उरते. माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं तर फारच फिकट असतात. काही पक्ष्यांची उपप्रजाती जाणकारांनाही ठरवता येत नाही. अशा वेळी वहीत "पांढरा धोबी, उपप्रजाती नक्की नाही" असं लिहिणं हेच खरं उत्तर. त्याचे मार्क कापू नका! चुकीची दुर्मीळ नोंद झाली तर पुढचा अभ्यासही चुकतो.

या रविवारी मुलांना वही देऊन पाण्याकाठी न्या. आधी नाव विचारू नका. गाल, मान आणि पाठ, तिन्हींचे रंग लिहायला सांगा. नाव मागाहून येईलच.