तारेचे वेटोळे आणि त्याचा हिशेब

सिगारेटचे व्यसन सोडू पाहणाऱ्या इंग्लंडमधील माणसाच्या हाती आज जे विद्युत्-बाष्पयंत्र दिसते, ज्याला सर्वत्र ‘व्हेप’ असे म्हटले जाते, त्याचे अंतरंग उघडून पाहिले असता आत एक बॅटरी, तारेचे एक लहानसे वेटोळे, त्यातून ओवलेला कापूस आणि त्या कापसाला सतत भिजते ठेवणारा द्राव एवढाच संसार आढळतो. बहुतेक लोक हे वेटोळे, म्हणजे कॉइल, तयार विकत आणतात आणि जळले की फेकून देतात; परंतु तार स्वतः वळून, कापूस स्वतः भरून, तीच टाकी वर्षानुवर्षे वापरणाराही एक वर्ग तेथे आहे. अशा टाकीला आरटीए आणि जिच्यात टाकीच नसून कापसावर थेंब थेंब द्राव सोडावा लागतो तिला आरडीए, अशी आद्याक्षरी नावे रूढ झाली आहेत. हे काम वरवर हस्तकौशल्याचे भासते. पण त्याचा पाया विजेच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब न शिकता जो तारेला हात घालतो तो केवळ यंत्रच नव्हे तर आपला हात आणि चेहराही जोखमीत घालतो.

भारतातील वाचकांसाठी येथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे अशा यंत्रांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात या साऱ्यांस मनाई आहे, व उत्पादन, आयात व विक्रीची ती मनाई संपूर्ण यंत्रापुरती नसून त्याच्या सुट्या भागांनाही लागू आहे. उत्पादन, आयात वा विक्रीच्या पहिल्या कसुराला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. तेव्हा विलायतेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी सुटीवर घरी येताना ही टाकी सामानात घालू नये. इंग्लंडात तिला मुभा आहे, पण तीही बांधलेली: २०१६ च्या नियमांनुसार टाकीत २ मिलिलिटरहून अधिक द्राव मावता कामा नये आणि निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये.

आता तारेकडे वळू. निकेल व क्रोमियम यांच्या ज्या मिश्रधातूचे एकस्व अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने १९०६ मध्ये मिळवले ती नायक्रोम, आणि लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांपासून स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्त्सो याने सिद्ध केलेली कॅन्थल, या दोन तारा विजेच्या शेगड्यांतून आणि भट्ट्यांतून गेली कित्येक दशके तापत आल्या आहेत. नवशिक्याने कॅन्थलपासून आरंभ करावा. निकेल वा टिटॅनियमची तार कोरडी लाल तापवणे अनिष्ट असल्यामुळे तिच्या वाटेस तूर्त जाऊ नये. ०.३२ मिलिमीटर जाडीची कॅन्थल तार अडीच मिलिमीटरच्या सळईभोवती सहा वेढे घेऊन वळली, तर दोन्ही पाय धरून तिचा रोध सुमारे १.१ ओहम भरतो. तीच तार नायक्रोमची असेल तर तो ०.८ च्या आसपास येतो. पूर्ण भरलेल्या एका लिथियम बॅटरीचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. ओहमने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ४.२ ला १.१ ने भागले की सुमारे ३.८ अँपिअर प्रवाह निघतो, जो कोणतीही चांगली बॅटरी सहज पेलते. परंतु दाट वाफेच्या हौसेने रोध ०.१ ओहमपर्यंत उतरवला, की तोच प्रवाह ४२ अँपिअरवर चढतो, आणि अशा यंत्रांत घालण्याच्या सर्वसामान्य बॅटरीच्या तो आवाक्याबाहेरचा आहे.

वळलेले वेटोळे तळावरील दोन खुंटांत अडकवून स्क्रू आवळावेत आणि तारेची उरलेली टोके अगदी बुडापासून छाटावीत, कारण बाहेर राहिलेले एखादे टोक वरच्या झाकणाला टेकले तर मंडल लघुपथित होते. मग रोध मोजावा, आणि तो स्थिर आहे असे दिसल्यावर अगदी अल्प शक्तीवर बटण क्षणभर दाबून सोडावे. निर्दोष वेटोळे मध्यभागी प्रथम लालसर होते आणि ती लाली दोन्ही टोकांकडे सारखी पसरते. एखादाच वेढा किंवा एखादा पाय आधी चमकू लागला तर वेढे परस्परांना नीट चिकटलेले नाहीत असे समजून सिरॅमिकच्या चिमट्याने त्यांना हळुवार दाबावे. लोखंडी चिमटा मात्र येथे वर्ज्य, आणि हे सारे कापूस भरण्यापूर्वीच उरकावयाचे.

कापसाची गोष्ट समईतल्या वातीसारखी आहे: केशाकर्षणाने द्राव वर चढला पाहिजे, आणि तो चढण्यास तंतूंमध्ये जागा हवी. वेटोळ्यातून ओढताना कापूस किंचित अडावा, पण तार वाकू नये; दोन्ही शेपट्या विंचरून विरळ कराव्यात आणि द्राव येण्याच्या छिद्रांवर अलगद टेकवाव्यात. गच्च भरला तर द्राव पोहोचत नाही, कापूस करपतो, आणि त्या करपलेल्या वाफेत फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. घसा जाळणारी ती चव आली की तत्काळ थांबावे. फार विरळ ठेवला तर टाकी तळातून गळते. हाताला हे प्रमाण कळेपर्यंत काही कापूस वाया जाणारच, आणि त्याचा खेद करू नये.

बॅटरीविषयी मी अधिक कठोर आहे. ज्या यंत्रात नियंत्रक मंडल नसून बॅटरी थेट वेटोळ्याशी जोडली जाते, ते नवशिक्याच्या हाती कदापि देऊ नये. लघुपथन झाले तर तेथे प्रवाह तोडणारे काहीच नसते. बॅटरीवरील आवरण टरकले असेल तर ती वापरू नये, आणि सुटी बॅटरी किल्ल्या वा नाण्यांसमवेत खिशात ठेवू नये. असल्या निष्काळजीपणातून कपडे पेटल्याचे आणि लोक भाजल्याचे प्रकार घडलेले आहेत.

जो आजवर धूम्रपानाच्या वाटेस गेला नाही त्याला या विद्येचा काहीही उपयोग नाही, आणि मुलांच्या हाती तर ती वस्तू जाताच कामा नये. निकोटिनचा द्राव पोटात गेला तर तो विषच असल्यामुळे त्याच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात. ज्याने सिगारेटपासून सुटण्यासाठी ती स्वीकारली आहे, त्याने द्राव काळपट दिसू लागला वा चव बिघडली की कापूस बदलावा, तारेवरचा काजळीसारखा थर कोरडा तापवून व पाण्याने धुऊन काढावा, आणि स्क्रू पुन्हा आवळून रोध पुन्हा मोजल्याखेरीज टाकी भरू नये.