आकारीपड झालेली वडिलोपार्जित जमीन परत मिळते का?



सात-बारा काढायला गेले की काही सभासदांना एक गट असा दिसतो, की तो आजोबा कसत होते हे सारा गाव सांगतो, पण कब्जेदाराच्या जागी ‘सरकार’ आणि शेरा ‘आकारीपड’. मग कोणी म्हणतो जमीन गेली ती गेली, कोणी म्हणतो पैसे टाका, उद्या नावावर करून देतो. दोन्ही बोलणी खरी नाहीत. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आकारीपड म्हणजे काय?

आकार म्हणजे शेतसारा. सारा थकला, किंवा तगाईसारखे सरकारी देणे राहिले, तर ते महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. त्यासाठी जमीन जप्त करून लिलावात काढता येते. लिलावात बोली आली नाही, तर शासन नाममात्र बोलीने जमीन स्वतःच्या नावे घेते. दुष्काळात तगाई घेतलेल्या घरांवर ही पाळी आली. भाऊबंदाच्या रानावर बोली लावायला गावात सहसा कोणी धजत नाही, हेही त्यामागे असते.

प्रथम पाहायचे ते एवढेच, की जमीन गेली कोणाकडे आणि त्याला वर्षे किती झाली. सगळे त्यावर ठरते.

१) लिलावात दुसऱ्याने घेतली असेल तर : विक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. थकबाकी, विक्रीचा खर्च आणि खरेदीदारासाठी खरेदीच्या रकमेच्या शेकडा ५ एवढी रक्कम भरली, तर विक्री रद्द होऊ शकते. जाहीरनाम्यात वा लिलावात गंभीर चूक किंवा लबाडी होऊन नुकसान झाले असेल, तर त्याही कारणाने याच मुदतीत अर्ज करता येतो. एकदा विक्री कायम झाली की वाट बिकट होते. तेव्हा वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२) शासनाने घेतली असेल तर : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२० प्रमाणे १२ वर्षांच्या आत थकबाकी व त्यावरील व्याज भरून जमीन परत मिळते.

३) १२ वर्षे उलटली असतील तर : पूर्वी येथे दार बंद होते. देणे शे-दोनशेचे आणि गेलेले रान चार-पाच एकरांचे, असा हिशेब कित्येक घरांच्या नशिबी आला. २ जानेवारी २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कलम २२० मध्ये दुरुस्ती करण्याचे ठरवले. चालू बाजारमूल्याच्या, म्हणजे रेडीरेकनरच्या दराने येणाऱ्या किमतीच्या २५ टक्के रक्कम भरून मूळ खातेदार किंवा त्याच्या वारसांना जमीन परत देण्याची तरतूद त्या निर्णयात होती. त्या वेळी राज्यात ९६३ खातेदारांची ४,८४९ एकर जमीन अशी असल्याचे सांगण्यात आले.

समजा, दोन एकरांची किंमत १६ लाख निघाली, तर त्या निर्णयातील दराने भरणा ४ लाखांचा झाला असता. म्हणून अर्जाआधी दर काढावा आणि घरात बसून हिशेब करावा. परत मिळणाऱ्या जमिनीच्या विक्रीविषयी व बिनशेती वापराविषयी आदेशात काय अटी आहेत, त्याही वाचून घ्याव्यात.

कागद कोठे शोधावेत?

सात-बारावरचा फेरफार क्रमांक घेऊन आधी तो फेरफार काढावा. जमीन केव्हा आणि कोणत्या आदेशाने गेली, याचा माग त्यातूनच लागतो. मराठवाड्यात संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. त्याआधी येथे निजाम राजवटीतला हैदराबाद जमीन महसूल कायदा होता. त्यामुळे जुने कागद उर्दूत निघू शकतात, ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. १९५४-५५ चे खासरा पत्रकही पाहावे. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी परतूर तालुका परभणीत होता, बाकीचा भाग औरंगाबादेत. येथे कागद सापडला नाही, तर तो नाहीच असे समजू नये.

वारसांची नोंद

मूळ खातेदार हयात नसेल, तर सगळे वारस दाखवावे लागतात. बहिणींची नावे गाळून अर्ज करू नये. हिंदू कुटुंबात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वगळलेल्या बहिणीने हरकत घेतली की भरलेले पैसे आणि जमीन दोन्ही अडकून पडतात. भरण्याचा वाटा कोणी किती उचलायचा, हेही आधीच लिहून ठेवावे.

सभासदांना आमची विनंती आहे, की मध्यस्थाच्या हाती रोकड देऊ नये. अर्ज तहसीलमध्ये स्वतः द्यावा, पोच घ्यावी, आणि भरणा शासनाच्या चलनानेच करावा. ज्यांचे खाते आज चालू आहे त्यांनीही सारा, पाणीपट्टी व सोसायटीचे देणे वेळेवर भरून पावत्या जपाव्यात. घरात मयत झाल्यास तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसाची वर्दी द्यावी. नाव मयताचे राहिले, तर नोटीसही मयताच्याच नावाने निघते, आणि घरच्यांना कळेपर्यंत मुदत संपलेली असते.