द्विदल बियाण्यास जिवाणूंची जोड

हरभऱ्याच्या बेवडावर घेतलेली ज्वारी अधिक जोमदार येते, हे आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ज्वारी-बाजरीत तुरीची तासे घालण्याची रीतही अशाच अनुभवातून रूढ झाली. परंतु असे का घडते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. द्विदल वनस्पती आपल्या मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्राचा उपयोग करून घेतात, हे जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. १८८८ साली हॉलंडमधील बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे काढून वाढविले. या जिवाणूंना रायझोबियम असे नाव आहे.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असतो. असे असूनही पीक नत्रावाचून उपाशी राहू शकते. कारण हवेतील नत्र वनस्पतींना जसाच्या तसा घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू मुळात शिरून गाठ तयार करतात व हवेतील नत्राचे पिकास मानवेल असे रूपांतर करतात. त्याबद्दल पीक त्यांना आपल्या पानांत तयार झालेली साखर पुरविते. अशी ही परस्परांच्या हिताची देवघेव आहे.

योग्य पिकास योग्य जिवाणू

एकच रायझोबियम सर्व पिकांस चालत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग यांचा एक गट आहे. वाटाणा व मसूर यांचा दुसरा. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे आणि सोयाबीनचेही वेगळे. म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव वाचल्याशिवाय ते घेऊ नये. सोयाबीन हे आपल्याकडे तूर-हरभऱ्याइतके जुने पीक नव्हे. ज्या शेतात ते पूर्वी कधीच घेतलेले नाही, तेथील जमिनीत त्याचे जिवाणू बहुधा नसतात. अशा ठिकाणी जिवाणू संवर्धनाचा गुण ठळकपणे दिसतो. उलट, जेथे हरभरा वर्षानुवर्षे घेतला जातो, तेथे जमिनीत जिवाणू आधीच असल्याने फरक थोडा दिसण्याचा संभव आहे.

पाकीट जिवंत आहे, हे विसरू नये

जिवाणू संवर्धन वापरूनही फरक दिसला नाही, ती नुसती काळी माती होती, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती नेहमीच खोटी नसते. पाकिटातील काळी भुकटी ही केवळ वाहक होय. खरे खत म्हणजे तिच्यातील जिवाणू. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. परंतु तेच पाकीट उन्हात, गाडीच्या टपावर किंवा पत्र्याच्या तापलेल्या खोलीत राहिले, तर जिवाणू मरतात आणि मागे खरोखरच काळी भुकटी उरते. युरियाचे पोते चार दिवस पडून राहिले तरी त्यातील नत्र बहुतांशी टिकून राहतो. जिवाणूंचे तसे नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाटप करताना वापराची अंतिम तारीख पाहावी, पाकिटे सावलीत व थंड जागी ठेवावीत आणि पेरणीच्या बेतानेच ती शेतकऱ्यांच्या हाती द्यावीत. या एका दुव्यात हयगय झाली, तर शेतकऱ्याचा पैसाच नव्हे, तर त्याचा विश्वासही वाया जातो.

बियाण्यास चोळण्याची रीत

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून ते उकळावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम पाण्यात जिवाणू घालू नयेत. २५० ग्रॅमचे एक पाकीट १० किलो बियाण्यास पुरते. बियाणे गोणपाटावर किंवा स्वच्छ फरशीवर पसरून, ते जेमतेम ओलसर होईल इतकेच गुळाचे पाणी शिंपडावे. वर जिवाणू संवर्धन टाकून हलक्या हाताने चोळावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून तेथे विशेष काळजी घ्यावी. नंतर बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी ओलीवर पेरावे.

बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून वाळू द्यावे. जिवाणू नेहमी शेवटी लावावेत. जिवाणू लावलेले बियाणे रासायनिक खतात मिसळून पेरू नये. द्विदल पिकास नत्रखत बेताचे द्यावे. ते अधिक झाल्यास गाठी कमी येतात. स्फुरदाची उणीव मात्र राहू देऊ नये. गाठींना हवाही लागते, म्हणून शेतात पाणी साचू देऊ नये.

पडताळा आपल्याच शेतात

आमच्या सांगण्यावर विसंबून न राहता प्रत्येकाने स्वतः पडताळा पाहावा. शेताच्या एका कडेस चार-सहा तासे जिवाणू न लावता पेरावीत. ती आधी पेरावीत. नाहीतर पाभरीच्या चाड्यास लागलेले जिवाणू त्या बियाण्यासही लागतील. पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, जमिनीत ओल असताना, दोन्हीकडील पाच-पाच झाडे खोदून काढावीत. उपटू नयेत, उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे बादलीतील पाण्यात हलकेच धुवून गाठी मोजाव्यात व काही नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी वा लालसर रंग असेल, तर जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. आतून पांढरी किंवा हिरवट दिसणारी गाठ त्या वेळी फारसा नत्र देत नसते. सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात; परंतु तेथे मूळच सुजलेले असते. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असून बोटाने सहज निघते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जिवाणू संवर्धन हे शेणखताची जागा घेत नाही. पिकाने मिळविलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर बाजारात जातो. म्हणून हरभरा उपटून काढण्याऐवजी विळ्याने कापावा, म्हणजे मुळे जमिनीतच राहतील. आणि गळलेला पालाही शेतातच कुजू द्यावा. बेवड चांगला पडतो तो अशा राखलेल्या शेतात.

या हंगामात निदान एका तुकड्यावर हा प्रयोग करावा आणि धुतलेली मुळे शेजाऱ्यासही दाखवावीत.